रोज चालवायला एक्झॉटिक स्पोर्ट्स कार: कोणती घ्यावी?

डंबार्टन_पूल
नमस्कार मंडळी,

घर फ्रीमाँटला, ऑफिस माउंटन व्ह्यूला. आठवड्यातून चार दिवस जाऊन-येऊन. ८८० आणि २३७ या हायवेंवरून, नाहीतर डंबार्टन पुलावरून. घरात सिएना (टोयोटाची मिनीव्हॅन) आहे, ती कुठे जात नाही. माझी ऑफिसची गाडी मात्र आता म्हातारी झाली, आणि तिच्या जागी या वेळी कॅमरी-अ‍ॅकॉर्ड आणायची नाही असं ठरवलंय. एक्झॉटिक हवी. गॅरेजात चादरीखाली ठेवून रविवारी पुसायला नव्हे, रोज चालवायला.

बजेट ९० हजार डॉलर, थोडं इकडेतिकडे. म्हणजे सेकंडहँडच. डोक्यात असलेली नावं: ऑडी आर८ व्ही१० (पहिली पिढी), जुनी अ‍ॅक्युरा एनएसएक्स, पोर्शे ९११ (९९७ ही पिढी), लोटस इव्होरा, फेरारी ३६० किंवा एफ४३०. मॅन्युअल मिळाली तर सोन्याहून पिवळं. मुलगी आठ वर्षांची आहे, अधूनमधून तिला पोहण्याच्या क्लासला सोडायचं असतं.

शून्य ते साठ किती सेकंदांत हे सगळीकडे वाचायला मिळतं. मला रोजच्या वापराबद्दल ऐकायचंय. सोमवारी सकाळी २३७ वर रांगेत उभं असताना यातली कोणती गाडी शिव्या द्यायला लावणार नाही?

मधली_सुट्टी
पॉपकॉर्न घेऊन बसलोय. आमच्या सोसायटीत ऑल्टो लावायला जागा मिळाली की मी पेढे वाटतो, त्यामुळे माझं मत धरू नका.

सॅन_होजे_अण्णा
एनएसएक्स बाळगून आहे, पहिल्या पिढीची, बरीच वर्षं. तेव्हा मत एकतर्फी असणार हे आधीच सांगतो.

१९९० साली ही गाडी आली तेव्हा होंडाचा (अ‍ॅक्युरा हा होंडाचाच ब्रँड) हिशेब सरळ होता. फेरारी ३२८ आणि नंतरची ३४८ यांच्या तोडीची गाडी करायची, पण सिव्हिकसारखी चावी फिरवली की सुरू व्हायला हवी. पूर्ण अ‍ॅल्युमिनियमची मोनोकॉक (सांगाडा आणि बॉडी एकसंध अशी) बॉडी, मधोमध ३ लिटरचा व्ही६, अमेरिकेत २७० हॉर्सपॉवर. फॉर्म्युला वनचा ड्रायव्हर आयर्टन सेनाला जपानच्या सुझुका ट्रॅकवर चालवायला दिली, त्याला चॅसिस जरा नाजूक वाटली, मग जर्मनीतल्या नुर्बर्गरिंग ट्रॅकवर राबून ती कडक केली. हे सगळे सांगतात. मला त्याहून महत्त्वाची वाटते ती गोर्डन मरेची गोष्ट. मॅकलरेन एफ१ बनवणारा हा माणूस एनएसएक्स सात वर्षं स्वतः वापरत होता, आणि एफ१ रोज चालवता यावी यासाठी त्यानं हिचंच माप समोर ठेवलं होतं. तुमचा प्रश्न त्यानं तीस वर्षांपूर्वीच सोडवून ठेवलाय.

रोजच्या वापरात काय? बसल्यावर चारी बाजूंचं दिसतं. फायटर विमानाच्या कॉकपिटवरून ती कल्पना घेतली होती, आणि ही नुसती जाहिरात नाही. लेन बदलताना मान मोडावी लागत नाही. क्लच हलका आहे. एसी चालतो. हे शेवटचं वाक्य वाचून हसू नका, या यादीत ते गृहीत धरता येत नाही.

आता वाईट. १९९१-९२ च्या काही मॅन्युअल गाड्यांच्या गिअरबॉक्समध्ये स्नॅप रिंग तुटण्याचा दोष होता, घेताना गिअरबॉक्सचा नंबर तपासा. टायमिंग बेल्ट आहे, तो वेळेवर बदलायचा. बॉडी अ‍ॅल्युमिनियमची, त्यामुळे कुणी ठोकली तर कोपऱ्यावरचा डेंटिंगवाला हात लावत नाही. आणि डिकी इंजिनाच्या मागे आहे. गोल्फची बॅग बसते, पण गरम होते. दसऱ्याला सनीव्हेलहून श्रीखंडाचा डबा त्या डिकीत ठेवून आणला होता. पोचेपर्यंत त्याचं पियुष झालं.

खडकवासला_८
श्रीखंडाचं पियुष =)) =))

पण एक मूलभूत शंका. ९११ ला एक्झॉटिक म्हणायचं का? आमच्या मते एक्झॉटिक म्हणजे जी बघून रिक्षावाला रिक्षा थांबवतो. ९११ बघून तो हॉर्न मारतो.

तिरफळ
न्यू जर्सीहून. माझ्याकडे एक इटालियन होती. नाव घेत नाही, कारण ती ज्याला विकली तो आता माझा चांगला मित्र आहे आणि हा धागा वाचतो.

गाडीला सिंगल क्लचचा ऑटोमेटेड गिअरबॉक्स होता. स्टिअरिंगमागे पॅडल, क्लच पेडल नाही. हायवेवर स्वर्ग. एडिसनला ओक ट्री रोडवर शनिवारी संध्याकाळी पार्किंग शोधताना नरक. ऑटोमॅटिक गाडी ब्रेक सोडला की आपोआप पुढे सरकते तसं या गिअरबॉक्समध्ये होत नाही. तुम्ही इंचभर पुढे घ्यायला हलका पाय देता आणि आत क्लच घासत राहतो. चढावर रिव्हर्स पार्किंग करताना तर वासच येतो. एका पाणीपुरीसाठी किती क्लच जाळला याचा हिशेब बायकोनं मागितला, मी विषय बदलला.

फेरारीचा एफ१, लॅम्बोर्गिनीचा ई-गिअर, ऑडीचा आर-ट्रॉनिक, सगळे याच जातीचे. तुमच्या यादीतल्या ३६० आणि एफ४३० यांतल्या बहुतेक याच गिअरबॉक्सच्या असतात, मॅन्युअल असली की भाव पार वर. फेरारी ४५८ ला ड्युअल क्लच (दोन क्लचचा ऑटोमेटेड गिअरबॉक्स) आला आणि हा ताप गेला, पण ती ९० हजारांत नाही. तेव्हा तुमच्यासाठी एकच नियम: एकतर खरी मॅन्युअल घ्या, नाहीतर ड्युअल क्लच. मधलं काही नको.

नाद_खुळा_कोल्हापूर
तिरफळभाऊ, पाणीपुरीला फेरारी घिऊन जाणारा माणूस आपल्याला लई आवडला.

तिरफळ
फेरारी म्हणालो नाही हो मी! =))

स्टुटगार्टची_सून
खडकवासला, ९११ ला एक्झॉटिक म्हणू नका, माझी हरकत नाही. आमच्या गल्लीत ती भाजी आणायलाच जाते. पण धागाकर्त्याच्या प्रश्नात "रोज" हा शब्द आहे ना? मग उलट त्यामुळेच ती यादीत वर हवी.

इथे जर्मनीत पुष्कळ लोक खरी एक्झॉटिक "सीझन"च्या नंबरप्लेटवर ठेवतात. प्लेटच्या उजव्या टोकाला महिने छापलेले असतात, समजा ०४ ते १०. तेवढ्याच महिन्यांचा कर आणि विमा. बाकीच्या महिन्यांत ती रस्त्यावर उभीसुद्धा करता येत नाही. एप्रिलमध्ये शेजारी गाड्या बाहेर काढतात तो सणच असतो. ९११ वाले मात्र हिवाळी टायर चढवून जानेवारीतही फिरतात. इंजिन मागच्या चाकांवर बसलेलं, पकड चांगली मिळते. पुढे डिकी आहे, ती गरम होत नाही (अण्णा, श्रीखंड!), आणि मागे दोन इवल्या सीट आहेत. आठ वर्षांची मुलगी मजेत बसते. बारा वर्षांची बसेल, पण बोलणार नाही तुमच्याशी.

९९७ घ्याल तर २००९ पासूनची घ्या. त्याआधीच्या साध्या करेरा इंजिनांत इंटरमीजिएट शाफ्टचं बेअरिंग असतं. ते गेलं की इंजिनच जातं. २००९ ला नवं इंजिन आलं, त्यात तो शाफ्टच नाही. आधीची टर्बो किंवा जीटी३ असेल तर गोष्ट वेगळी, त्यांचं इंजिन निराळ्या घराण्यातलं, त्यांना हा आजार नाही.

वरळी_सीफेस
मुंबईकरांची बाजू मांडतो. कोस्टल रोड झाल्यापासून आमच्याकडेही या गाड्या "रोज" चालतात. बोगद्यात वेगमर्यादा ६० आहे. साठलाच जातात बिचारे, फक्त पहिल्या गिअरमध्ये. रात्री साडेबाराला व्ही१० चा आवाज कसा असतो हे मला यूट्यूबवर ऐकावं लागत नाही, खिडकी उघडली की पुरे. धागाकर्ते, आवाज कमी करणारं एक्झॉस्टचं बटण असलेली गाडी घ्या आणि ते बटण वापरा, एवढीच शेजाऱ्यांतर्फे विनंती.

जेबेल_जैस
दुबईतून दोन ओळी. इथे एक्झॉटिक स्वस्त दिसली की आधी विचारतात, गाडी जीसीसी स्पेक (आखाती देशांसाठी बनलेली) आहे की अमेरिकन? अमेरिकेत अपघातात विम्यानं निकालात काढलेल्या गाड्या इथे रंगरंगोटी होऊन विकायला येतात. तुम्ही तर उगमाशीच राहता, तेव्हा टायटल (मालकीचा कागद) स्वच्छ आहे ना हे आधी बघा.

दुसरं, टायर. कमी चाललेली गाडी म्हणून खूश होऊ नका. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. नक्षी नव्यासारखी आणि टायर दहा वर्षं जुने, असं सर्रास असतं. रोज वापरणार असाल तर मला विचाराल तर जास्त चाललेली, पण नियमित चाललेली गाडी घ्या. उभ्या राहिलेल्या गाडीचे सील वाळतात, बॅटरी मरते, आणि पहिल्या दोन महिन्यांत सगळं एकदम गळायला लागतं.

ई_वाहन_प्रेमी
९० हजार डॉलरच्या आत सेकंडहँड टेस्ला मॉडेल एस प्लॅड येते. वरच्या यादीतल्या प्रत्येक गाडीला सिग्नलवर मागे टाकेल. पेट्रोल नाही, क्लच नाही, बेल्ट नाही, श्रीखंड थंड राहील. चर्चा संपली.

सॅन_होजे_अण्णा
चर्चा संपली असती तर तुम्हीही इथे आला नसता. :)

मधली_सुट्टी
अण्णा फॉर्मात.

डंबार्टन_पूल
सगळ्यांचे आभार. ई_वाहन_प्रेमी, ऑफिसच्या पार्किंगमध्ये टेस्ला सोडून दुसरी गाडी शोधावी लागते. मला रोज संध्याकाळी आपली गाडी ओळखू आली पाहिजे, एवढी माफक अपेक्षा आहे.

तिरफळ यांच्या प्रतिसादानंतर दोन्ही फेरारी काढून टाकल्या. ३६० ला टायमिंग बेल्ट दर तीन ते पाच वर्षांनी बदलायचा असतो हेही वाचलं. आधीच्या फेरारी ३५५ सारखं इंजिन खाली उतरवावं लागत नाही, सीटच्या मागच्या झाकणातून होतं म्हणतात, पण बिल वाचून मलाच खाली बसावं लागलं. एफ४३० ला चेन आहे, पण भाव पोचत नाही. आता राहिल्या आर८, एनएसएक्स, ९९७ आणि इव्होरा. कॉर्व्हेट सी८ बद्दल कुणी बोलत नाहीये?

खडकवासला_८
कॉर्व्हेट एक्झॉटिक? आता मी खरंच जातो.

एंजिन_ऑइल
मी पुण्यात महागड्या गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये काम करतो. खडकवासला, सी८ चं इंजिन मधोमध, ६.२ लिटरचा व्ही८, ४९०-४९५ हॉर्सपॉवर. केंटकीत बनते म्हणून कमी लेखू नका. तिच्यातली एक सोय सगळ्या एक्झॉटिकवाल्यांनी उचलावी अशी आहे. गाडीचं नाक वर उचलणारा लिफ्ट ऑप्शन घेतला असेल तर तो जागा लक्षात ठेवतो. तुमच्या सोसायटीच्या गेटचा उंचवटा एकदा जीपीएसवर नोंदवला की पुढच्या वेळी नाक आपोआप वर होतं. अशा हजार जागा ती लक्षात ठेवते.

हजार. पुण्यात मला सिंहगड रोडच पुरेल.

आमच्याकडे जे येतं ते सांगतो. इंजिन घेऊन कुणी येत नाही, तळ घेऊन येतात. कागदोपत्री गतिरोधक कसा असावा हे ठरलेलं आहे, १० सेंटीमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद. म्हणजे गाडी त्यावर हळूच चढते आणि हळूच उतरते. प्रत्यक्षात एका रात्रीत डांबराचा बांध घातलेला असतो. नाक लिफ्टनं वाचतं, पण दोन चाकांमधला पोटाचा भाग घासतो, त्याला लिफ्टचा फारसा उपयोग नाही. मग तिरकी घालायची, एका वेळी एक चाक. मागचा दुचाकीवाला त्याच वेळी डावीकडून घुसतो.

अमेरिकेत ही भानगड कमी, पण ड्राइव्हवेचा उतार बघा. गाडी घ्यायच्या आधी विक्रेत्याला सांगा, एकदा माझ्या घरी नेऊन उभी करतो. फुटपाथ आणि रस्ता मिळतात तिथे पुढच्या बंपरचा ओठ घासला की दर सकाळी तो आवाज ऐकायचा.

आर८ बद्दल: गाडी उत्तम, पण मॅग्नेटिक शॉक अब्सॉर्बर असतील तर ते गळतात आणि महाग आहेत. मागच्या चाकांत डोकावून तेलाचा ओघळ दिसतो का बघा.

नाद_खुळा_कोल्हापूर
एंजिन ऑइल साहेब, ह्यो माणूस उद्या भारतात परत आला तर गाडी हिकडं आणता येईल का? आमच्याकडं रंकाळ्याला एक चक्कर मारू द्या फक्त.

एंजिन_ऑइल
नाही. वापरलेली गाडी आणायची तर तीन वर्षांपेक्षा जुनी चालत नाही आणि स्टिअरिंग उजवीकडे लागतं. अमेरिकेतली डाव्या स्टिअरिंगची, विषय मिटला. नवी आयात करायची तर ४० हजार डॉलरच्या वरच्या गाडीला सीमाशुल्कच (२०२५ च्या हिशेबानं) ११० टक्के, वर जीएसटी, वर आरटीओ. रंकाळ्याला चक्कर पडेल, पण रंकाळा विकत घेतल्याइतकी.

सावळे_सुंदर
इतका वेळ वाचतेय. एकाही पुरुषानं बसायचं-उतरायचं कसं हे लिहिलेलं नाही.

माझ्या नवऱ्याच्या मित्राकडे इव्होरा होती. गाडी देखणी, आतमध्ये जागाही बऱ्यापैकी, इंजिन टोयोटाचं म्हणून भरवशाची. पण दार आणि सीट यांच्या मध्ये जो अ‍ॅल्युमिनियमचा कट्टा आहे, त्यावरून पाय ओलांडून आत जायचं. गणपतीत मंडळाच्या आरतीला मी त्या गाडीतून गेले. नेसले होते काठाची साडी. हॉलच्या दारात सगळे उभे. आधी एक पाय बाहेर, मग हाताने दाराची कड धरायची, मग काठावर बसून घ्यायचं, मग दुसरा पाय, आणि मधल्या काळात निऱ्या कुठे आहेत हे कुणी विचारू नये. हातात मोदकांचं ताट होतं ते वेगळंच. शेवटी ताट आधी बाहेर दिलं आणि मी नंतर आले.

धागाकर्ते, बायकोला शोरूममध्ये न्या. साडीत न्या. आणि आई-बाबा भारतातून सहा महिने येणार असतील तर त्यांच्या गुडघ्यांनाही विचारा.

स्टुटगार्टची_सून
हजार टक्के सहमत. हा प्रतिसाद धाग्याच्या वर चिकटवा.

तिरफळ
"ताट आधी बाहेर दिलं" याला दंडवत.

सॅन_होजे_अण्णा
विमा राहिला. जुन्या आणि हौशी गाड्यांचा "अ‍ॅग्रीड व्हॅल्यू" (भरपाईची रक्कम आधीच ठरवलेला) विमा स्वस्त मिळतो, म्हणून लोक हुरळतात. त्यात बहुधा अट असते की रोज ऑफिसला जायला दुसरी गाडी हवी आणि ही फक्त हौसेपुरती. तुम्ही २३७ वर सकाळी साडेआठला ठोकलीत आणि क्लेममध्ये "ऑफिसला जात होतो" म्हणालात की बसा. साधा विमा काढा. त्यात बाजारभाव धरतात, तेव्हा एनएसएक्ससारख्या भाव चढलेल्या गाडीला भरपाई कमी पडू शकते, हे लिहून मागा.

काचा फोडून बॅगा नेणाऱ्यांचं तुम्हाला सांगायला नको. या गाड्यांत वस्तू लपवायला जागाच नसते. लॅपटॉप बरोबर घेऊनच फिरायचं.

आणि माझ्याच गाडीविरुद्ध बोलतो आता. आठवड्यातून चार दिवस, पावसापाण्यात, ट्रकच्या मागे खडे खात, तीस वर्षं जुनी एनएसएक्स चालवावी का? ती तक्रार करणार नाही. पण काही सुटे भाग आता मिळत नाहीत, आणि टेललाइट फुटली की पुढचे दोन महिने तुम्ही रोज रात्री लिलावाच्या साइट्स बघत बसाल. मी रविवारी स्कायलाइन या डोंगरावरच्या रस्त्यावर नेतो, वुडसाइडला अ‍ॅलिसेसमध्ये कॉफी पितो, परत येतो. ऑफिसला अ‍ॅकॉर्डनं जातो.

खडकवासला_८
म्हणजे एवढं एनएसएक्स पुराण सांगून स्वतः अ‍ॅकॉर्ड! अण्णा, हे बरं नाही.

सॅन_होजे_अण्णा
म्हणूनच ती अजून आहे.

ई_वाहन_प्रेमी
प्लॅडमध्ये साडी नेसूनही उतरता येतं. चार दारं आहेत.

मधली_सुट्टी
हा माणूस हटणार नाही.

डंबार्टन_पूल
अपडेट. गेल्या शनिवारी आर८ आणि ९९७ दोन्ही चालवून आलो. बायको बरोबर होती. साडी नाही, पण सावळे_सुंदर यांचा प्रतिसाद वाचून आली होती.

आर८ ला गेटेड मॅन्युअल, म्हणजे गिअरचा दांडा धातूच्या पट्टीतल्या खाचांतून फिरतो. गिअर टाकताना लोखंडावर लोखंड वाजतं तो "टक" आवाज अजून कानात आहे. व्ही१० आठ हजारांच्या वर फिरतो तेव्हा माणूस हसायलाच लागतो. पण पुढची डिकी म्हणजे एक लॅपटॉपची बॅग आणि पोळ्यांचा डबा. लेक बसली, खूश झाली, मग विचारलं, "आणि आई कुठे बसणार?" मागे वळून बघायला गेलो तर निम्मं जग खांबाआड.

९९७ करेरा एस, २०१० ची, सहा गिअरची मॅन्युअल. बसलो आणि पाच मिनिटांत विसरलो की काही वेगळं चालवतोय. हीच तिची भानगड आहे असं मला वाटलं आणि बायकोला हाच तिचा गुण वाटला. परत येताना ८८० वर ट्रॅफिक लागला. क्लच जड नाही, गाडी तापली नाही, एसी गार. बायकोनं स्वतः चालवायला मागितली. आर८ ची चावी तिनं हातातही घेतली नव्हती.

किंमत बजेटच्या बरीच आत आहे, म्हणजे टायर आणि सर्व्हिसला पैसे उरतात. पण मन अजून त्या "टक"वर अडकलंय. खरं सांगा.

वरळी_सीफेस
आर८ घ्या. पण फ्रीमाँटमध्येच ठेवा.

तिरफळ
९९७. रोज सकाळी साडेआठला माणूस कंटाळलेला असतो, तेव्हा गाडीनं त्याच्याकडून काही मागू नये. आर८ मागते. आठवड्याला एकदा द्यायला मजा येते, चार वेळा नाही. बजेटचे उरलेले पैसे हातचे राखून ठेवा, नाहीतर चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला व्हायचा.

नाद_खुळा_कोल्हापूर
आर८!!! माणूस एकदाच जगतोय!!!

एंजिन_ऑइल
मत मागू नका, तपासणी करा. ९९७ असेल तर विक्रेत्याचा नव्हे, तुमचा स्वतंत्र पोर्शे मेकॅनिक. त्याला तीन गोष्टी सांगा. एक, गाडीच्या कॉम्प्युटरमधून ओव्हर-रेव्हचा रिपोर्ट काढायचा. मॅन्युअल गाडीत कुणी पाचव्याऐवजी तिसरा टाकला असेल तर इंजिन किती वेळा मर्यादेबाहेर फिरलं ते त्यात पातळीनुसार नोंदलेलं असतं, वरच्या पातळ्यांत अलीकडच्या नोंदी दिसल्या तर निघून या. दोन, लीक-डाउन टेस्ट, म्हणजे सिलिंडरमधून हवा किती गळते ते. तीन, पुढचे रेडिएटर बंपरच्या खाचांतून बघायचे. त्या खाचांत पानं साचून सडतात आणि एसीचे कंडेन्सर कुजतात, कॅलिफोर्नियाची गाडी असली तरी.

आर८ असेल तर वर लिहिलेले शॉक, आणि क्लच किती उरलाय ते.

डंबार्टन_पूल
९९७ ची तपासणी गुरुवारी ठरवली. ओव्हर-रेव्हचं विक्रेत्याला फोनवर विचारलं, तो म्हणाला, "असं कुणी विचारत नाही." रिपोर्ट आला की आकडे इथेच टाकतो, एंजिन ऑइल साहेब वाचून सांगतीलच.

स्टुटगार्टची_सून
रंग कोणता आहे? हे कुणीच विचारलं नाही.

डंबार्टन_पूल
करडा. आर८ लाल होती.

मधली_सुट्टी
अरेरे.